तठे काहीच नही

कागद खिडकीशी धरला तेव्हा दिसलं. उजव्या कोपऱ्यात, नाल्याच्या पुढे, आधी एक घर काढलेलं होतं. पत्र्याचं छप्पर, उघडं दार, बाजूला शेळी बांधायचा खुंटा. सगळं खोडलेलं. खोडरबर इतक्या जोरानं फिरवला होता की तिथं कागदाची लव उठली होती, पण पेन्सिलीची रेघ आत तशीच रुतून बसली होती. मग त्याच मुलीनं तेच घर, तोच पत्रा, तोच खुंटा, मारुतीच्या पाराशेजारी नव्यानं काढलं होतं. पाराशेजारी तसं घर नाही. तिथं सोसायटीचं गोदाम आहे.

आठवीचा वर्ग. चित्रकलेची ग्रेड परीक्षा होऊन गेलेली, दिवाळी तोंडावर. कापसाची वेचणी सुरू झाली की आमच्या चोपडा तालुक्यात वर्ग विरळ होतात. जी मुलं येतात त्यांच्या बोटांवर बोंडांच्या सुकलेल्या टोकांचे ओरखडे असतात, केसांत कापसाचा एखादा धागा अडकलेला असतो. चित्रकलेच्या तासाला खरं तर हेच दिवस बरे. फुलदाणी आणि लोटा कपाटात जातात, डोक्यावर परीक्षा नसते. मी सांगितलं होतं, घार होऊन गावावरून फिरा आणि वरून जे दिसेल ते काढा. रस्ते, विहिरी, झाडं, आपलं घर, आपल्याला भीती वाटते ती जागा, जिथं लपून बसता ती जागा. वर्ग एकदम गप्प झाला. आमच्याकडे वर्ग गप्प होणं ही काही रोजची गोष्ट नाही.

फिरता फिरता एका मुलापाशी थांबले. त्याचं गाव सुरेख उतरलं होतं. ग्रामपंचायत, दूध डेअरी, केळीच्या गाड्या भरतात ती मोकळी जागा, सगळं. पण नाल्याची निळी रेघ ओढली आणि पुढे कागद कोरा. हातभर कोरा. मी विचारलं, "नाल्याच्या पुढे काय आहे रे?" त्यानं मान वर न करता सांगितलं, "तठे काहीच नही, मॅडम."

त्याच्या बोलण्यात खोट नव्हती, हे मी शपथेवर सांगेन. त्याला खरंच तिथं काही दिसत नव्हतं. तेरा वर्षांच्या आयुष्यात नाला ओलांडायचं त्याला कामच पडलेलं नाही. शाळा अलीकडे, दुकान अलीकडे, शेत दुसऱ्या दिशेला. नाल्यापलीकडच्या वस्तीला आता समतानगर म्हणतात. सरकारनं डिसेंबर २०२० मध्ये जातिवाचक वस्त्यांची नावं बदलायचा निर्णय घेतला, त्यानंतर फलक लागला. फलक रंगवायचं काम माझ्या एका माजी विद्यार्थ्याला मिळालं, अक्षरं त्यानं छान काढली आहेत. गाव अजून जुन्याच नावानं बोलतं. आणि ती मुलगी तिथूनच शाळेत येते. त्या दिवशी ती दोन बाक सोडून बसली होती. तिनं घर खोडलं ते हे वाक्य ऐकल्यावर की आधीच, ते मला माहीत नाही. मी तिला विचारलं नाही. कागद बाकीच्यांच्या गठ्ठ्यात घातला, दुसऱ्या दिवशी सगळ्यांसोबत दोरीला चिमट्यानं लावला आणि घरी आले. तेव्हापासून ती उठलेली लव बोटाला लागते आहे.

ते सगळे नकाशे हॉलमध्ये जमिनीवर शेजारी शेजारी मांडले तेव्हा मोठी मौज झाली होती, तेही सांगायला हवं. एकच गाव, पण दोन कागद जुळेनात. एकीच्या गावात नदीपेक्षा तिच्या आजीचा ओटा मोठा. एकाचे वडील वायरिंगची कामं करतात, त्यानं घरं काढलीच नाहीत, फक्त खांब, तारा आणि डीपी, आणि कुठल्या डीपीवरून कुठल्या गल्लीला लाइन जाते ते बाणांनी दाखवलं. मुलींच्या बहुतेक नकाशांत नळ ठळक होता आणि पानाची टपरी गायब. त्या बाजूनं त्या जातच नाहीत, वळसा घालून जातात. मुलांच्या नकाशांत टपरी हमखास, नळ एखादाच. गावातल्या बायापुरुषांच्या वाटा कशा वेगळ्या असतात हे मला कुठल्याही प्रशिक्षणात इतकं लख्ख कळलं नव्हतं. आणि एक नकाशा होता ज्यात रस्ताच नव्हता. वसतिगृहात राहणारा पावरा आदिवासी मुलगा, त्यानं आमचं गाव न काढता सातपुड्यातला आपला पाडा काढला होता. एक घर इथं, एक टेकडीच्या पलीकडे, एक पार नाल्यात उतरून, प्रत्येकाभोवती त्याचं त्याचं शेत. बाकीची पोरं हसली, "याचं गाव सांडलं!" तो शांतपणे म्हणाला, "आमच्याकडे असंच असतं. भिंतीला भिंत लावून कोण राहतं?" हसणं थांबलं. दोघं-तिघं तर खाली वाकून पुन्हा बघायला लागले. शेजाऱ्याचा टीव्ही ऐकू न येणारं घर ही कल्पना त्यांना बरी वाटली असावी.

हाच मुलगा ऑगस्टमध्ये मला वेगळाच भेटला होता. नऊ ऑगस्टच्या आदिवासी दिनासाठी भिंत रंगवायची होती. गेरू लावून तयार झाला आणि ह्यानं पटापट दोन त्रिकोण जोडून माणसं काढायला सुरुवात केली. गोल फेर, मधोमध तारपा वाजवणारा. वारली. डहाणू-तलासरीकडची कला, इथून कितीतरी लांबची. मी विचारलं, तुमच्या पाड्यावर तारपा असतो का? म्हणाला, नाही, ढोल असतो, बासरी असते, भोंगऱ्या बाजाराला तर किती ढोल येतात मॅडम. मग तारपा का? तर म्हणाला, "आदिवासी चित्र असंच काढतात ना." त्याला हे शिकवलं कुणी? आपणच. पाठ्यपुस्तकानं, कॅलेंडरनं, सरकारी इमारतींच्या कुंपणभिंतींनी, आणि शोभेच्या पणत्या रंगवून घेणाऱ्या आम्ही कलाशिक्षकांनी. होळीआधीच्या आठवड्यात आपल्या डोळ्यांनी बघितलेला भोंगऱ्या, तो रंग, ते चांदीचे दागिने, पाळण्यांची रांग, हे सगळं त्याच्याकडे असताना ओळख म्हणून त्याच्या हाताशी आली ती दुसऱ्यांची उसनी रेघ. वारली चित्रांशी माझं भांडण नाही, मला ती फार आवडतात. पण ज्याच्या नावानं दिवस साजरा होतो त्यालाच तयार साचा हाती द्यायचा, याचा राग येतो.

तसं साच्यांच्या बाबतीत आम्ही कुणालाच सोडत नाही. 'खानदेश' हा विषय दिला की कागदावर केळीचा घड, वांग्याचं भरीत आणि जात्यावर बसलेल्या बहिणाबाई. स्नेहसंमेलनाचा पडदा गेली कित्येक वर्षं हाच आहे. आणि ग्रेड परीक्षेतलं स्मरणचित्र! नाव स्मरणचित्र, पण त्यात कुणाची आठवण असेल तर शपथ. मी स्वतः एलिमेंटरीला बसले तेव्हा आमच्या सरांनी चार आकृत्या पाठ करून घेतल्या होत्या. छत्रीवाली बाई, पाठमोरा माणूस, हात वर केलेला मुलगा, खाली वाकलेली म्हातारी. विषय बाजार आला तर म्हातारीपुढे भाजी ठेवायची, बसस्टॉप आला तर पिशवी, पतंग आला तर मुलाच्या हातात दोरा. उजवीकडे झाड, ते रिकामी जागा भरतं. चांगली ग्रेड मिळते, दहावीला वाढीव गुण मिळतात, पालक खूश. मी आजही हे शिकवते. गुण नकोत म्हणायची ऐपत आमच्या मुलांची नाही आणि ते त्यांच्या वतीनं म्हणायचा अधिकार माझा नाही.

पण मग उरलेल्या दिवसांत काहीतरी वेगळं करायची खुमखुमी येते.

रंगांचं असंच झालं. तेलखडूच्या पेटीत फिकट गुलाबी-केशरी अशी एक कांडी असते, तिला सगळी मुलं स्किन कलर म्हणतात. आमच्या वर्गात त्या रंगाचा एकही माणूस नाही, मुख्याध्यापकांसकट. तरी प्रत्येक चित्रातली आई त्याच रंगाची. एका वर्षी अजिंठ्याची सहल झाली. एक नंबरच्या लेण्यात बाकीचे पद्मपाणीपुढे गर्दी करत असताना एक मुलगी भिंतीवरच्या सावळ्या राजकन्येकडे बघत उभी राहिली. मुकुट, दागिने, सगळा थाट, आणि रंग आमच्या मातीसारखा. "हिला का नाही गोरी केली?" तिनं विचारलं. मी सांगितलं, त्या चित्रकारांकडे रंग होते ते गेरू, पिवळी माती, हिरवी माती, चुना आणि काजळी. बरंचसं तिथल्या डोंगरातलंच. निळा तेवढा लांबून, अफगाणिस्तानकडून यायचा. माणसं वेगवेगळ्या रंगांची होती, ती त्यांनी तशी रंगवली. हे सांगताना मी जरा जास्तच सोपं करून सांगते आहे असं वाटत होतं, पण तिचं समाधान झालं. परत आल्यावर स्किन कलरच्या कांड्या डब्यात गोळा केल्या आणि प्रत्येकानं आपल्या मनगटाचा रंग मिसळून काढायचा असं ठरलं. बर्न्ट सिएना, यलो ऑकर, थोडा पांढरा, अगदी किंचित निळा. ठिपका मनगटावर लावायचा, दिसेनासा झाला की जमलं. दोन तास ती नुसती हात पुढे करून बसली होती. एकानं आपल्या रंगाला 'भुईमुगाच्या भाजक्या शेंगा' नाव दिलं, एकीनं 'पाऊस पडून गेलेलं वावर'. ज्या मुलाचा ठिपका सर्वात गडद होता त्यानं मात्र नाव दिलं नाही. कागद दप्तरात घातला आणि बाथरूमला जाऊन हात धुऊन आला.

बाकी वर्गाचा आनंद खरा होता, त्याचं हात धुणंही तितकंच खरं होतं. दोन्ही माझ्याच तासाला घडलं.

कानबाईचंही तसंच. कानबाई ही खानदेशातली देवी, श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी बसते. आमच्याकडे नैवेद्याच्या रोटांसाठी गहू मोजतात ते घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ. पाळण्यातल्या मुलाचीही सव्वा मूठ. रोट भाऊबंदांतच खायचे, बाहेर द्यायचे नाहीत. एका मुलीनं चित्रात परात काढली आणि परातीत गव्हाच्या मुठी, प्रत्येक मुठीखाली नाव. आजोबा, वडील, दोन काका, भाऊ, चुलतभाऊ. मग शेवटी आणखी दोन मुठी, आकारानं लहान. एकीखाली बहिणीचं नाव, एकीखाली स्वतःचं. आईची नव्हती. मी विचारलं, आईची? म्हणाली, "तिला विचारलं, ती नको म्हणाली." इतकं नेमकं चित्र मी फार कमी पाहिलं आहे, मोठ्या गॅलरीतसुद्धा. मी ते फळ्याशेजारी लावलं. मुलीनं फोटो काढून घरी दाखवला. घरी आजी दोन दिवस तिच्याशी बोलली नाही. तिच्या लेखी ते देवीच्या कामातलं तोंड घालणं होतं. रोट पुढच्या वर्षीही आधीसारखेच मोजले गेले. मुलगी मला सांगताना हसत होती, "मॅडम, आजी अजून तो फोटो डिलीट कर म्हणते." तिनं केला नाही. ही हसली म्हणून गोष्ट गोड झाली. एखादी हसली नसती.

प्रशिक्षणांत आम्हाला सांगतात, मुलांना व्यक्त होऊ द्या. 'मी कोण?' असे छापील कागद देतात, मधोमध आरसा, भोवती रिकामे चौकोन: माझं कुटुंब, माझा सण, माझं घर, मला लाज वाटते ती गोष्ट. हो, असा चौकोनसुद्धा असतो. भरून झाला की वर्गासमोर वाचायचा. ज्याचं घर पाराशेजारी आहे त्याला ह्या चौकोनांचं काहीच वाटत नाही, दोन मिनिटांत भरून खेळायला पळतो. कागद जड जातो तो दुसऱ्यालाच. त्याला तोच कागद जबाबासारखा द्यावा लागतो, आणि वर शाबासकी मिळते ती किती मोकळेपणानं दिला याची. मला हे अलीकडे बघवत नाही.

चाळीसगावला छायाचित्रकार केकी मूस यांचं घर आहे, आता संग्रहालय म्हणून जपलेलं. खानदेशातल्या कुणाला ती गोष्ट वेगळी सांगायला नको. १९८९च्या शेवटच्या दिवशी गेले, त्याआधीची कित्येक दशकं हा माणूस बंगल्याबाहेर जवळजवळ पडलाच नाही. आम्ही मुलांना घेऊन गेलो तेव्हा त्यांना सगळ्यात नवल वाटलं ते टेबलटॉप छायाचित्रांचं. टेबलावर बारीकसारीक वस्तू मांडायच्या, उजेड असा सोडायचा की फोटोत तो अख्खा प्रदेश वाटावा. एक मुलगा म्हणाला, "म्हणजे खोटं ना?" दुसरा म्हणाला, "खोटं कसं? त्याला तसं पाहिजे होतं, त्यानं तसं मांडलं." मला परतीच्या एसटीत हे पुन्हा पुन्हा आठवत होतं. दार बंद ठेवून राहणाऱ्या माणसाला आपण कलामहर्षी म्हणतो, तो का बाहेर येत नाही याच्या दंतकथा प्रेमानं सांगतो. आणि आठवीतली पोरगी घर दोन बोटं इकडे सरकवते तेव्हा आपल्याला वाटतं, हिला बोलतं करायला हवं. तिनं गावाचा नकाशा चुकवला असं मी म्हणू शकते. तिनं गाव कसं असायला हवं ते काढलं, असंही म्हणू शकते. किंवा ती त्या दिवशी नुसती वैतागली असेल, की पुन्हा ह्यांना सगळं समजावून सांगत कोण बसणार. तिन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असायलाही हरकत नाही. कुठली खरी ते सांगायचं ऋण तिच्यावर नाही.

म्हणून आता मी दोन गोष्टी करते. स्वतःविषयीचं काही काढायचं असेल तर कागदाला घडी घालायला लावते, एक पाकळी आत दुमडलेली. आत काय काढायचं ते ज्याचं त्यानं ठरवायचं, वाटल्यास डिंकानं चिकटवून टाकायचं. चिकटवलेलं मी उघडत नाही, आणि हे मुलांना पटायला वेळ लागला. एकानं माझी परीक्षा घ्यायला आत माझंच चित्र काढून ठेवलं होतं, ते त्यानंच नंतर न राहवून दाखवलं. नाकावर चष्मा, हातात पट्टी, फार वाईट नव्हतं. काही जण आत काहीच काढत नाहीत, त्यांना फक्त डिंक लावायला आवडतं. वर्षाचा डिंक दिवाळीच्या आत संपतो.

दुसरी गोष्ट अशी की प्रश्न गावाला विचारायचे. घर कुणाचं कुठं ते नकाशावर काढायचंच नाही. सार्वजनिक तेवढं काढायचं. नळ किती आणि पाणी किती वाजता येतं, गटार कुठे झाकलेलं आणि कुठे उघडं, डांबर कुठं संपतं, रस्त्यावरचे दिवे किती. नाल्याच्या अलीकडे आणि पलीकडे सारख्याच खुणा, सारखेच रंग. एक मोठा कागद, सगळ्यांचा मिळून, त्यावर कुणाचंच नाव नाही. त्यासाठी गावभर पायी फिरायला हवं. मुख्याध्यापकांनी शनिवारचे दोन तास जोडून दिले, "फोटो काढा, अहवालाला लागतील," या अटीवर. पालकांच्या सह्या आल्या. एका वडिलांनी सही केली नाही, चिठ्ठी पाठवली की चित्रकलेच्या तासाला पोरगा चित्रकला शिकावा अशी अपेक्षा आहे. अपेक्षा काही चुकीची नाही. त्या मुलाला मी शाळेत बसून नकाशाच्या कडेची चौकट आणि सूची करायला दिली आहे, अक्षर त्याचं सुबक आहे.

निघायच्या आदल्या दिवशी खुणा ठरवायला बसलो. चालू दिव्याला पिवळा ठिपका, यावर एकमत झालं. मग कुणीतरी विचारलं, खांब आहे पण त्यावर दिवाच नाही, तो मोजायचा का? "नाही, उजेड पडतो तोच दिवा," एक गट. "खांब उभा केला म्हणजे कागदोपत्री दिवा झाला, तो मोजलाच पाहिजे," दुसरा गट, यात बहुतेक सरपंचांचे नातेवाईक. वायरिंगवाल्यांचा मुलगा इतका वेळ गप्प होता. तो उठला आणि म्हणाला की नाल्यापलीकडे असे खांब पुष्कळ आहेत, तो वडिलांबरोबर गेला होता, खांबावर चौकट आहे, आत काही नाही. ज्यानं तिकडं काहीच नाही म्हटलं होतं तो विचारायला लागला, किती, मोजलेस का? हा म्हणाला, तेव्हा कशाला मोजू, तेव्हा मी धाकला होतो. मग वाद उजेडाकडून खांबाकडे, खांबाकडून ग्रामपंचायतीकडे गेला, घंटा वाजली तरी कुणी उठेना. शेवटी ठरलं, अशा खांबाला पिवळा ठिपका नाही, नुसतं पोकळ वर्तुळ, आणि ते पेन्सिलीनं न काढता सरळ काळ्या स्केचपेननं काढायचं. दोन काळे स्केचपेन माझ्याकडे होते, आणखी किती लागतील यावर पुन्हा भांडण सुरू झालं.